जिंजी : एक विषयांतर

चेन्नईला डोंगर नाही, असे म्हणण्याची रीत आहे, आणि ती अगदीच निराधार नाही. शहराच्या दक्षिण अंगाला परंगीमलै नावाची एक टेकडी आहे. उंची जेमतेम तीनशे फूट. १८०२ मध्ये विल्यम लॅम्बटन याने आपल्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणाची आधाररेषा तिच्याच पायथ्याजवळून मोजली आणि पुढे भूगर्भशास्त्रज्ञांनी तिच्या काळ्या दगडाला ‘चार्नोकाइट’ असे स्वतंत्र नाव दिले. परंतु या दोन्ही मानांनी तिची उंची वाढलेली नाही. प्राध्यापकांनी मात्र डिसेंबरचा सगळा महिना या टेकडीच्या पायऱ्यांवर घालवला. वय एकसष्ट, उजवा गुडघा दुखरा, आणि जानेवारीत त्यांना जिंजीचा राजगिरी चढायचा होता.

राजगिरी चेन्नईपासून दीडशे-एक किलोमीटरवर आहे. पायथ्यापासून सुमारे आठशे फूट उठलेला, ग्रॅनाइटचा. चुनखडीचा पहाड पाण्याने विरघळत जातो. हा उन्हाने तडकत जातो. चुना येथे आहे तो केवळ तटाच्या दगडांच्या सांध्यांत. सह्याद्रीतील गड पाहिलेल्या माणसाला ही रचना प्रथम अनोळखी वाटते. तेथे कडा तासलेला असतो. येथे कोणी प्रचंड धोंडे एकावर एक रचून ठेवावेत आणि काम अर्ध्यावर सोडून निघून जावे, तसा डोंगर दिसतो. राजगिरी, कृष्णगिरी आणि चंद्रायणदुर्ग अशा तीन टेकड्या एका तटबंदीने त्रिकोणात बांधल्या आहेत. जुलै २०२५ मध्ये मराठ्यांच्या बारा दुर्गांना जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. त्यांतील अकरा महाराष्ट्रात आहेत, बारावा हा.

चेन्नईत तीस वर्षे मराठी शिकवूनही प्राध्यापक जिंजीला गेले नव्हते. ही गोष्ट त्यांनी कोणापासून लपवली नव्हती, पण कोणाला आपणहून सांगितलीही नव्हती. त्यांची जिंजी कागदावरची होती. कृष्णाजी अनंत सभासदाने शिवछत्रपतींची बखर राजाराममहाराजांच्या आज्ञेवरून १६९७ च्या सुमारास लिहिली ती जिंजीत. मराठी गद्याच्या इतिहासात या एका गोष्टीचे वजन फार मोठे आहे. बखर-वाङ्मयाचा सर्वांत मान्य ग्रंथ रायगडी किंवा साताऱ्यास लिहिला गेला नाही. तमिळ मुलखातील एका वेढा पडलेल्या किल्ल्यात लिहिला गेला. प्राध्यापक हे वाक्य दरवर्षी वर्गात उच्चारीत आणि क्षणभर थांबत. थांबण्याची जागाही ठरलेली होती.

जाण्याचे निमित्त त्यांच्या विद्यार्थिनीने काढले. ती जिंजी तालुक्यातल्याच एका खेड्यातली. मराठी ती ग्रंथांतून शिकलेली, त्यामुळे बोलतानाही लिहिल्यासारखी बोलते. ‘बखरींतील दुर्ग’ या विषयावरील तिच्या प्रबंधाचे चौथे प्रकरण ‘देसिंगु राजन कदै’ या तमिळ कथागीतावर होते. प्राध्यापकांनी त्या प्रकरणाच्या पहिल्याच पानावर लाल शाईने लिहिले होते : विषयांतर, वगळावे. तिने वाद घातला नाही. “सर, एकदा वर चढून पाहू,” एवढेच ती म्हणाली.

किळांबाक्कमच्या स्थानकावरून पहाटेची तिरुवण्णामलैची बस निघाली. चेंगलपट्टू, मेल्मरुवत्तूर, तिंडिवनम. मग रस्ता पश्चिमेला वळला आणि भातखाचरांच्या पलीकडे ते धोंड्यांचे ढीग दिसू लागले. नऊच्या सुमारास दोघे दरवाजातून आत गेली. पहारेकऱ्याने प्राध्यापकांकडे पाहून तमिळमध्ये काही विचारले. “आजोबा वरपर्यंत जाणार का, असे विचारतो आहे,” तिने सांगितले. दुपार उलटल्यावर वर सोडत नाहीत, तेव्हा चढायचे तर आताच, असेही त्याचे म्हणणे होते.

खालचा भाग सपाट, सावलीचा. अनेक मजल्यांचा कल्याणमहाल, धान्याची कोठारे, पागा, तलाव. १६७७ मध्ये किल्ला घेतल्यावर शिवाजीमहाराजांनी येथे नवे तट उभारले, खंदक खणले, जुने निरुपयोगी बांधकाम पाडून टाकले. पुढल्याच वर्षीचे एका जेझुइट पाद्र्याचे पत्र याची साक्ष देते. प्राध्यापक प्रत्येक भिंतीपाशी थांबून यातले शिवकालीन कोणते ते शोधू लागले. नायकांचे कोणते, विजापूरकरांचे कोणते, महाराजांचे कोणते, फ्रेंचांचे कोणते, हे त्यांना काही ठरवता येईना. घड्याळात पाहून विद्यार्थिनीने त्यांना तेथून हलवले.

पायऱ्या सुरू झाल्या. हजाराच्या वर आहेत म्हणतात; मोजण्याचा निश्चय प्राध्यापकांनी दोनशेच्या आसपास सोडून दिला. परंगीमलैच्या पायऱ्या भाविकांसाठी बांधलेल्या, सारख्या उंचीच्या. या पायऱ्या शत्रूला दमवण्यासाठीच आहेत की काय असे वाटावे. एक वीतभर, पुढची गुडघ्याएवढी. वानरांनी पहिल्या वळणावरच केळ्यांची पिशवी नेली. कमलकन्नी अम्मनच्या देवळापाशी प्राध्यापक बसले ते उठेनात. जानेवारी असूनही दगड तापला होता, आणि ती उष्णता चपलेतून वर येत होती. तिने बाटलीतले ताक दिले. त्यात मीठ जास्त होते. ते मुद्दाम घातले होते हे त्यांच्या नंतर ध्यानात आले.

“आठ वर्षे,” ते म्हणाले. “वेढा आठ वर्षे चालला असं आपण सहज लिहून टाकतो.” खरे तर तो सलग कधीच नव्हता. १६९० मध्ये झुल्फिकारखान आला. १६९२ च्या अखेरीस संताजी घोरपडे आणि धनाजी जाधव यांनी वेढा घालणाऱ्यांनाच वेढले. औरंगजेबाचा धाकटा मुलगा कामबक्ष याला त्याच्याच सेनापतींनी नजरकैदेत टाकले. वेढ्याच्या इतिहासात अशी प्रहसने पुष्कळ असतात. पण प्रहसनाच्या मधल्या महिन्यांत कोणीतरी रोज या पायऱ्यांवरून धान्याची पोती वर नेत असले पाहिजे. सभासदाच्या बखरीत त्यातले काही नाही. ती महाराजांच्या निधनाशी येऊन थांबते. ज्या किल्ल्यात ती लिहिली गेली, त्याच्या वेढ्याची हकीकत तिच्यात नाही.

“देसिंगुच्या गाण्यात आहे का? पोती वाहणारे?” त्यांनी जरा कुचेष्टेनेच विचारले.

“नाही,” ती म्हणाली. “पण घोडा आहे. आणि मित्र आहे.”

मग चढता चढता ती कथा सांगू लागली. १७१४ मध्ये बाप वारला आणि तेजसिंग, म्हणजे तमिळांचा देसिंगु, गादीवर बसला. अर्काटच्या सादतुल्लाखानाने थकलेल्या वसुलीची मागणी केली, त्याने ती धुडकावली. मित्र महाबतखान स्वतःच्या लग्नाच्या मांडवातून उठून त्याच्यासाठी लढायला आला. सिंगवरमच्या रंगनाथाने ‘जाऊ नकोस’ म्हणून मान फिरवली. मूर्तीची मान तशीच कललेली आहे, असे लोक दाखवतात. ३ ऑक्टोबर १७१४ रोजी देसिंगु पडला. त्याची राणी सती गेली. त्याचा कारभार वर्षभराचाही नव्हता.

“पण तो तमिळ कुठे होता?” प्राध्यापक म्हणाले. “बुंदेला. बाप स्वरूपसिंग औरंगजेबाचा किल्लेदार. वेढा घालणाऱ्यांच्या बाजूचा माणूस.”

“हो. गाणे तमिळ आहे.”

यावर त्यांना उत्तर सुचले नाही. श्वासही पुरत नव्हता.

शिखराच्या थोडे अलीकडे डोंगर एकाएकी दुभंगतो. सुमारे चोवीस फूट रुंद आणि साठ फूट खोल अशी घळ. तिच्यावर अरुंद पूल. येथे प्राध्यापकांना भोवळ आली. ते कठड्याला धरून खाली बसले आणि डोळे मिटून घेतले. तिने छत्री उघडून त्यांच्या डोक्यावर धरली; बराच वेळ कोणी बोलले नाही. मग ती म्हणाली, “आपण येथून परत जाऊ शकतो, सर. पुलापर्यंत आलो हे पुरेसे आहे.”

“तुझ्या लोकांनी देसिंगुवर गाणं केलं,” ते डोळे न उघडता म्हणाले. “राजाराममहाराज इथे आठ वर्षं होते. राजधानी होती ही. त्यांच्यावर एक ओळ नाही?”

“माझ्या आजीला ठाऊक असलेल्या गाण्यांत नाही.” ती थोडी थांबली. “राजाराममहाराज येथून निसटले, सर. देसिंगु येथेच मेला.”

ती हे काही शोध लावल्याच्या आविर्भावात म्हणाली नाही. प्राध्यापक मात्र उठून उभे राहिले आणि पूल ओलांडून गेले.

शिखरावर रंगनाथाचे छोटे देऊळ, कोठारे, एक तोफ आणि वारा. खाली दोन्ही टेकड्या, तलाव, तिरुवण्णामलैचा रस्ता. ते भिंतीच्या सावलीत बसले, आणि तिच्या वाक्याने त्यांच्या तीस वर्षांच्या व्याख्यानांची जी उलथापालथ चालवली होती ती होऊ दिली. पन्हाळ्याहून १६६० मध्ये सुटका. आग्र्याहून १६६६ मध्ये सुटका. १६८९ मध्ये पुन्हा पन्हाळा, वेषांतर करून जिंजी; केशव पंडिताने याच प्रवासावर संस्कृत काव्य रचले. मग जिंजीहूनही सुटका. मराठी माणसाची छाती ज्या प्रसंगांनी फुलते त्यांतले निम्मे प्रसंग निसटण्याचे आहेत, आणि त्यात कमीपणा काहीच नाही. राजाच निसटला म्हणून राज्य उरले. सभासद याच डोंगरावर बसून आग्र्याची सुटका लिहीत होता, तेव्हा शेजारी बसलेल्या राजाला ती कशी ऐकू आली असेल? हा प्रश्न प्राध्यापकांनी एकाही वर्षी वर्गात विचारला नव्हता.

आणि जे निसटले नाहीत? १६९८ च्या आरंभी किल्ला पडला, तेव्हा राजाच्या परिवारातील काही स्त्रिया व मुले हाती लागली, असे मुघलांकडील फार्सी वृत्तांत सांगतात. त्यांच्यासाठी मराठीत बखर नाही आणि तमिळमध्ये गाणे नाही. देसिंगुच्या राणीला निदान गाण्यात जागा मिळाली.

“तू हे लिहिलं आहेस का?” त्यांनी विचारले.

“सतराव्या पानावर. तुम्ही पहिल्या पानावर थांबला होता.”

उतरताना गुडघ्याने पुरता सूड घेतला. प्रत्येक पायरीला ते आडवे होऊन उतरत होते आणि ती दोन पायऱ्या पुढे राहून खांदा देत होती. पायथ्याशी यायला तीन वाजले. पहारेकऱ्याने हात जोडले. ते कौतुकाने की सुटकेच्या आनंदाने, हे समजले नाही.

परतीच्या बसमध्ये तिंडिवनमपर्यंत दोघे झोपली. जाग आल्यावर प्राध्यापकांनी विचारले, “चौथ्या प्रकरणात पाठ कोणता घेतलास? छापील, की आजींचा?”

“छापील. आजीचा घेतला असता तर तुम्ही आधार मागितला असता.”

“मागितलाच असता.” बाहेर अंधार पडू लागला होता. “त्या अजून म्हणतात का?”

“बसून म्हणते. आवाज आता पुरत नाही. मधले मधले गळते, मग आई भरते.”

मेल्मरुवत्तूरला बस थांबली. भाविकांची लाल वस्त्रांतली गर्दी चढली, कोणीतरी त्यांच्या दुखऱ्या पायाशी पिशवी ठेवली. प्राध्यापकांनी खिशातून वही काढली आणि तिच्या गावाला जाणारी पहिली बस रविवारी किती वाजता सुटते, ते विचारून लिहून घेतले.