ब्रोकली हिलचा कुंभार



पेसाहच्या मधल्या दिवसांत मुलांना सुट्टी होती. सेदेरच्या रात्री हागादा ऐकल्यापासून बारक्यांनी एकच टुमणं लावलं होतं, "आम्हांला फारो दाखवा!" मग काय, मात्झा आणि उकडलेली अंडी डब्यात भरली आणि आम्ही तीन-चार कुटुंबं स्टॅनमोरहून ज्युबिली लाइनने निघालो. बॉण्ड स्ट्रीटला गाडी बदलली, होबर्नला उतरलो आणि लिंकन्स इन फील्ड्समधल्या सर जॉन सोन यांच्या घरी पोचलो. तिथे आता म्युझियम आहे.

हे सोनसाहेब आपल्या स्टॅनमोरला परके नाहीत. १७८८ च्या सुमारास बेंटली प्रायोरीची हवेली त्यांनीच वाढवून बांधली. दुसऱ्या महायुद्धात आर.ए.एफ.च्या फायटर कमांडचं ठाणं होतं, तीच ही. ग्रीक-रोमन खांबांचं आणि कमानींचं सोन यांना भारी वेड. त्यांच्या घराच्या तळघरात पहिला सेती या फारोची शवपेटी आहे. बेल्झोनीने ती १८१७ मध्ये शोधून काढली. ब्रिटिश म्युझियमने घेतली नाही, म्हणून सोन यांनी १८२४ मध्ये २००० पौंड मोजून आणली. पांढुरका अलाबास्टर दगड, आतून-बाहेरून चित्रलिपीने भरलेला. आत दिवा ठेवला तर उजेड आरपार दिसतो म्हणे.

"हाच का तो दुष्ट फारो?" मुलांनी विचारलं. तोरात त्याचं नाव नाही. सेती हा दुसऱ्या रामसेसचा बाप, एवढंच सांगितलं. आमच्यातल्या एक मावशी बराच वेळ पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, "काम सुंदर आहे हो. पण कोरणाऱ्याचं नाव कुठेच दिसत नाही." आमच्या मनाला ते लागलं. मिसरात विटा घालणाऱ्या आपल्या पूर्वजांची नावं तरी कुठल्या भिंतीवर लिहिलेली आहेत?

दुसऱ्या दिवशी ट्रेनला सुट्टी. आम्ही चालतच ब्रोकली हिलला गेलो. ही चढण म्हणजे रोमन लोकांचा वॉटलिंग स्ट्रीट, लंडनहून सेंट ऑल्बन्सकडे जाणारा सरळसोट रस्ता. त्यांच्या प्रवासपुस्तकात लंडनपासून १२ रोमन मैलांवर सुलोनियासिस नावाचा टप्पा दिला आहे. तो इथलाच मानतात. ऑर्थोपेडिक हॉस्पिटलच्या आवारात १७५० मध्ये उभारलेला एक ओबेलिस्क आहे. मिसरी आकार, रोमन युद्धाची आठवण आणि लावणारा इंग्रज! सीझरशी इथे लढाई झाली असं तो सांगतो, पण त्याला पुरावा नाही.

पुरावा मिळाला तो मातीत. साधारण इसवी सन ७० ते १६० या काळात इथे कुंभारांच्या भट्ट्या होत्या. सन ७० म्हटलं की आपल्याला टायटसने जाळलेलं बेथ हामिकदाश आठवतं. तिकडे ती आग, आणि त्याच सुमारास इकडे या भट्ट्यांचा जाळ. इथे सुरया, वाडगे आणि मुख्य म्हणजे मॉर्टेरियम बनत. हे जाड काठाचं पसरट भांडं. ओतायला चोच आणि आतून खरखरीत खडे बसवलेले. आपल्या पाट्या-वरवंट्याचंच काम ते करी. आणि काठावर कुंभाराचा शिक्का!

एका कुंभाराचं नाव होतं मातुगेनुस. त्याच्या शिक्क्यात 'अल्बिनुसचा मुलगा' असंही येतं. हे सांगताच मुलं हसली, कारण सेफेरला बोलावताना आपणही 'अमुक बेन तमुक' असंच म्हणतो.

वाडवडील पेसाहला 'अनशी ढाकाचा सण' म्हणत, म्हणजे आंबटाचं भांडं झाकून ठेवायचा सण. कोकणात तेलाचे घाणे चालवणारी आपली माणसं. त्यांनी भांडी आणि तेल मागे ठेवलं, शिलालेख नाही. त्यांची नावं आपण घेतली तरच उरतील. घरी आल्यावर मुलांना वही दिली आणि प्रत्येक आजी-आजोबांचं नाव, त्यांच्या आई-बापाच्या नावासकट, लिहून घेतलं. चौथ्या पिढीशी आम्ही अडलो.

ज्यांच्याकडे जुने कागद असतील त्यांनी आपल्या घरी अशीच वही जरूर काढावी. आणि स्टॅनमोरला आलात तर ब्रोकली हिल चढायला आम्ही सोबत येऊ. चहा आमच्याकडे!