सुरगाठ

आमच्या फुलंब्रीच्या शेतातल्या विहिरीचा फुटबॉल दर उन्हाळ्यात चोंदतो. हा फुटबॉल खेळायचा नाही. मोटारीच्या पाइपाच्या तळाशी असतो तो फुटव्हॉल्व्ह; गावात त्याला सगळे फुटबॉलच म्हणतात. पाणी खाली गेलं की गाळ, पाला, प्लॅस्टिक त्याच्या जाळीत बसतं आणि मोटार पाणी उचलत नाही. मग स्टार्टरचा फ्यूज काढून खिशात टाकायचा आणि कुणीतरी बुडी मारून जाळी साफ करायची. आमच्याकडे हे काम तात्यांचं, म्हणजे माझ्या चुलत्यांचं. दोर धरायचं काम माझं.

तात्या कमरेला दोर बांधायचे तो सुरगाठीनं. निरगाठ त्यांना चालायची नाही. "दोर पाइपात आडकला तर? एका हिसक्यात सुटाया पायजे." एक हिसका म्हणजे ढील दे, दोन म्हणजे ओढ. आणि काहीच हिसका आला नाही तर? "साठपस्तोर मोज. मंग ओढ. वाट बघू नगं."

उतरण्याआधी ते पायरीवर बसून भात्यासारखे दहा-पंधरा श्वास जोरजोरात घ्यायचे. त्यानं दम वाढतो, असं ते म्हणायचे. मलाही ते पटायचं.

मी अकरावीत होतो. मे महिना. तात्या खाली गेले, मी मोजायला लागलो. अठरा, एकोणीस. खिशात फोन वाजला. मित्राचा मेसेज. मी एका हातानं उत्तर लिहिलं, त्यावर त्याचं उत्तर आलं, ते वाचलं. मान वर केली तेव्हा आकडा हरवला होता. दोर हातातच होता, पण मुका.

ओढला. तात्या पोत्यासारखे वर आले. ओठ जांभळे. त्यांचं तोंड पाण्याच्या वर धरलं, ओरडलो, गालावर मारलं. मग एक लांब, घोगरा श्वास. थोड्या वेळानं डोळे उघडून त्यांनी विचारलं, "निघाला का कचरा?" मधलं त्यांना काहीच आठवत नव्हतं.

फोनचं मी कुणालाच सांगितलं नाही.

पुढे पुण्यात खोलीवर राहत असताना नेटफ्लिक्सवर 'द डीपेस्ट ब्रेथ' हा 2023चा माहितीपट पाहिला. फ्रीडायव्हिंगवरचा. पाठीवर सिलिंडर नाही. एका श्वासावर समुद्रात सोडलेल्या दोराच्या कडेनं शंभर मीटरच्याही खाली जाऊन परत यायचं. त्या दोराला स्पर्धक लॅनयार्डनं जोडलेले असतात. मनगटाला किंवा कमरेला पट्टा, पुढे साधारण मीटरभर तार, टोकाला दोरावरून सरकणारी कडी. शुद्ध हरपली तरी माणूस दोरापासून लांब वाहून जात नाही. वरचे लोक दोरासकट त्याला ओढून घेतात. आणि तो पट्टा एका हिसक्यात सुटेल असाच करतात, कारण तार अडकली तर तीच जीव घेईल. मी सिनेमा थांबवला. ही तर आमची सुरगाठ!

मग रात्रभर वाचत बसलो. श्वास घ्यायची ऊर्मी येते ती मुख्यतः रक्तात कार्बन डायऑक्साइड साचल्यामुळे. जोरजोरात श्वास घेतले की तो धुऊन निघतो, ऑक्सिजन मात्र फारसा वाढत नाही. म्हणजे दम वाढत नाही, फक्त धोक्याची घंटा बंद पडते. ऑक्सिजन संपत येतो, तरी माणसाला वाटतं अजून जमेल, आणि दिवा जावा तशी शुद्ध जाते. आमच्या विहिरीत 20 फूट पाणी होतं. तेवढं पुरतं.

त्याच माहितीपटात स्टीफन कीनन आहे. आयरिश, दुसऱ्यांना वाचवणारा सेफ्टी डायव्हर. 22 जुलै 2017, इजिप्तमधलं दहाब. अलेसिया झेकिनीला पन्नास मीटरहून खोल असलेल्या कमानीतून पोहत जाऊन पलीकडचा दोर धरायचा होता. कीनन तिला गाठायला काही सेकंद उशिरा पोचला. तिला दोर सापडला नाही, ती भलतीकडे पोहत राहिली. त्यानं तिला गाठलं, वर आणलं. ती वाचली, तो गेला.

काही सेकंद. मी किती घालवले होते, ते मला कधीच कळणार नाही. कीननचा उशीर आणि माझा उशीर एका तराजूत घालता येणार नाहीत. तो जीव तोडून पोहत होता, मी मेसेज वाचत होतो.

दिवाळीत गावी गेलो तेव्हा तात्यांना सांगितलं. आधी श्वासांचं, मग फोनचं. ते बराच वेळ बोलले नाहीत.

"म्हंजे भाता मारनं चुकीचं?"

"हो."

"माझ्या बापानं शिकवलं व्हतं." मग म्हणाले, "आन् तू ओढलंस ना शेवटी."

"उशिरा ओढलं, तात्या."

त्यावर ते काही म्हणाले नाहीत.

या मे महिन्यात फुटबॉल पुन्हा चोंदला. मी उतरतो म्हणालो. त्यांनी ऐकलं नाही. फ्यूज काढून खिशात टाकला, शर्ट काढून पायरीवर ठेवला, कमरेला सुरगाठ मारली. भाता मारला नाही. शांत बसून दोन साधे श्वास घेतले आणि माझ्यापुढे हात केला. मी फोन दिला. तो त्यांनी शर्टाच्या खिशात, फ्यूजशेजारी ठेवला.

"चाळीसपस्तोरच मोज," म्हणाले, आणि गेले.

मी मोठ्यानं मोजायला लागलो.