कालबूत

मराठीत कमानीसाठी दोन शब्द आहेत आणि दोन्ही परक्या वाटेने येऊन घरचे झालेले. 'कमान' म्हणजे फारसीत धनुष्य; 'महिरप' ही मशिदीतल्या अरबी 'मिहराब'ची लेक. बोलण्यात आपण हे शब्द सैलपणे वापरतो. परंतु पेशवाईतल्या वाड्यांत त्यांतला भेद उघड दिसतो. सुरूच्या खांबांमधली पाकळ्यापाकळ्यांची महिरप लाकडी फळ्या कोरून बसवलेली असते आणि माडीचा भार तिच्या वरून जाणारी तुळई वाहते. महिरप उतरवून ठेवली तरी माडी जागची हलणार नाही. छापखान्यातल्या वळणदार कंसांना 'महिरपी कंस' हे नाव ज्याने दिले, त्याला हे डौलाचे अंग नेमके उमगले असावे. विटांच्या भिंतीतली कमान निराळी. तिच्यातून एक वीट निसटली की वरची भिंत खाली येण्याचा धोका असतो. प्रस्तुत लेखात आम्ही 'कमान' म्हणतो ती ही, भार वाहणारी.

'सध्या त्याची चढती कमान आहे' असे आपण म्हणतो. भाषेने कमानीची एकच बाजू पाहिली आहे, असे त्यावरून वाटते. गवंडी कमान बांधतो तो दोन्ही पायथ्यांपासून एकदम, एक वीट डावीकडे तर एक उजवीकडे. एकच बाजू चढवीत नेली तर खालचा लाकडी साचा कलतो आणि काम तेथेच बिघडते. दोन्ही बाजूंचे चढणे माथ्यावर येऊन भेटते, तेव्हा कुठे कमान होते.

हे ज्ञान आम्हांस पुस्तकांतून झालेले नाही. आमच्या महाविद्यालयाच्या जुन्या इमारतीत ग्रंथालयाच्या दारावर विटांची अर्धवर्तुळाकार कमान आहे. वर्षानुवर्षे पन्हळीचे पाणी एका बाजूच्या भिंतीत मुरत राहिले, ती भिंत किंचित बाहेर सरकली, आणि माथ्याच्या दोन विटा खाली घसरल्या. कमान काढून काँक्रीटची तुळई घालावी, असा एक सल्ला आला. परंतु शेजारच्या गावातले एक वृद्ध गवंडी ती पुन्हा बांधून द्यायला तयार झाले आणि २०१४च्या उन्हाळी सुटीत ते काम झाले. आम्ही दोघे मराठी विभागात शिकवतो. उत्तरपत्रिका तपासायला म्हणून ग्रंथालयात बसत होतो आणि तपासण्यापेक्षा दाराकडेच अधिक पाहत होतो.

वरच्या भिंतीला आधी टेकू दिले गेले. सरकलेली बाजू उकलून पुन्हा बांधली गेली, कारण पायथा पक्का नसेल तर वरची सगळी कारागिरी व्यर्थ. मग दाराच्या पाच फूट रुंदीत फळ्यांचा अर्धवर्तुळाकार साचा उभा राहिला. त्याच्या खाली खांब, आणि खांबांखाली समोरासमोर ठोकलेल्या पाचरींच्या जोड्या. विटा रात्रभर पाण्यात भिजत घातलेल्या होत्या. कोरडी वीट चुन्यातले पाणी शोषून घेते आणि चुना नीट धरत नाही. चुन्यात वाळू आणि विटांची सुरखी. काकांनी सगळ्या विटा आधी साच्यावर चुन्यावाचून मांडून पाहिल्या. एकतीस बसल्या. विषम संख्याच हवी, म्हणजे ऐन माथ्यावर सांधा न येता वीट येते. ती शेवटची वीट चावीची.

वीट आयताकृती आणि कमान गोल, हा पेच कसा सुटतो याचे आम्हांस कुतूहल होते. उत्तर सांध्यांत होते. विटेला आकार बदलता येत नाही, म्हणून सांधा पाचरीसारखा होतो: खाली पाव इंच, वर पाऊण इंच. वीट लांबीने उभी केली तर वरचा सांधा फारच रुंदावतो, म्हणून ती साडेचार इंचांच्या अंगाने लावतात आणि एका कड्यावर दुसरे कडे चढवून जाडी वाढवतात. साच्याच्या मध्यबिंदूवर एक खिळा आणि खिळ्याला दोरी. प्रत्येक विटेशी ती दोरी ताणून धरायची. सांधा दोरीच्या रेषेत आला की वीट बरोबर. एकतीस विटांची तोंडे एकाच खिळ्याकडे.

या साच्याला काय म्हणतात, असे विचारल्यावर काका म्हणाले, "सेंट्रिंग." इंग्रजीतला हा शब्द मुळात कमानीच्या साच्याचाच. आज आपल्याकडे तो स्लॅबखालच्या फळ्या-बल्ल्यांना लागला आहे आणि गावोगावच्या मजुरांच्या तोंडी आहे. त्याच्या आधीचा शब्द हिंदीच्या कोशात मिळतो: 'कालबूत'. फारसी 'कालबुद', म्हणजे शरीर, सांगाडा. हिंदीत त्याचे दोन अर्थ झाले. ज्यावर कमान रचतात तो कच्चा भराव, हा एक; आणि ज्यावर चढवून मोची जोडा शिवतो तो लाकडी ठोकळा, हा दुसरा. दोन्ही ठिकाणी गोष्ट एकच: ज्याच्या अंगावर वस्तू आकार घेते आणि जे वस्तू पुरी झाल्यावर काढून घ्यायचे असते, ते.

सतराव्या शतकातल्या बिहारीने हा शब्द आपल्या 'सतसई'तल्या एका दोह्यात आणला आहे. आमेरच्या जयसिंहाच्या आश्रयाला असलेल्या या कवीने गवंडीकाम जवळून पाहिले असले पाहिजे. दोह्याचा आशय असा, की दूती हे प्रेमाचे कालबूत आहे. तिच्यावाचून प्रेमाची कमान जुळत नाही. परंतु ती पक्की झाली की दूतीला दूर करावेच लागते, त्यावाचून गत्यंतर नाही. कमानीच्या छताला त्याने वापरलेला शब्द 'लदाव'. जुन्या मराठीतली 'लादणी' त्याच घराण्यातली. रीतिकाव्य म्हटले की आपल्याला अलंकारांची महिरप आठवते. या दोह्यातली उपमा मात्र भार वाहणारी आहे. तिच्यात गवंड्याच्या कामाचा क्रम जसाच्या तसा आहे, आणि सर्वांत अवघड क्षणही: आधार काढण्याचा.

तो क्षण आम्ही पाहिला. चावीची वीट बसून पंधरा दिवस झाले होते. साचा एकदम काढतील आणि कमान राहील किंवा पडेल, अशी आमची कल्पना होती. काकांनी हातोडीने पाचरी जेमतेम सुताभर मागे सरकवल्या आणि ते चहाला गेले. साचा कमानीपासून केसभर सुटला होता, एवढेच. दुसऱ्या दिवशी आणखी थोडे. चौथ्या दिवशी फळ्या निघाल्या. आम्ही कारण विचारले.

"सर, एकदम काढली तर कमान घाबरती," काका म्हणाले. "आन् लई दिवस ठिवली तर तिला आपलं वजन कळतच न्हाई. हळूहळू बसू द्यायचं. बसताना ती थोडी दबती, सांधे आवळून घेती. मग तिचं तिला उभं राहता येतं, म्याडम."

चुन्याचा सांधा सावकाश घट्ट होतो. तो अजून किंचित मऊ असतानाच भार थोडाथोडा अंगावर आला तर कमान स्वतःला जुळवून घेते. फार उशीर झाला तर तीच हालचाल तडा होऊन बाहेर येते. पाचर असते ती यासाठी. आधार असणे आणि नसणे यांच्यामध्ये तिने चार दिवसांची जागा करून ठेवलेली असते.

आमच्या विभागात त्या वर्षी एक वाद चालू होता, आणि तो आम्हां दोघांमध्येच होता. एम.ए.ला येणारी आमची बरीच मुले घरातली पहिलीच शिकणारी. पुस्तके विकत घेण्याची ऐपत नाही, प्रमाण मराठी हीच अनेकांना दुसरी भाषा वाटते. आमच्यापैकी एकाचे म्हणणे, या मुलांना टिपणे उतरवून दिलीच पाहिजेत. 'स्वतः वाचा' हा उपदेश ज्यांच्या घरी कपाटभर पुस्तके आहेत त्यांनाच परवडतो. दुसऱ्याचे म्हणणे, टिपणांवर पदवी मिळवून ही मुले उद्या शिक्षक होतील, तीच टिपणे पुढच्यांना देतील, आणि कविता कोणीच वाचलेली नसेल. दोघांनीही आपापल्या बाजूने अशी मुले पाहिली होती. एक मुलगी आधार न मिळाल्याने पहिल्या सत्रातच शिक्षण सोडून गेली होती. एक मुलगा विशेष श्रेणीत उत्तीर्ण होऊन आला आणि आम्ही समोर ठेवलेल्या नव्या कवितेवर त्याला एक वाक्य बोलता आले नाही.

पाचरींनी हा वाद मिटवला, असे म्हणणे खोटे होईल. त्यांनी प्रश्न मात्र बदलला. टिपणे द्यावीत की नाही, याऐवजी ती केव्हा आणि किती सैल करावीत, यावर आम्ही बोलू लागलो. पहिल्या सत्रात पूर्ण टिपण, दुसऱ्यात केवळ मुद्दे, तिसऱ्यात प्रश्न, चौथ्यात कविता आणि कोरा कागद, असा क्रम ठरला. तो प्रत्येक वर्गाला बसत नाही. कोणाचा सांधा लवकर धरतो, कोणाचा उशिरा.

साच्यावाचून कमान होते का? होते, आणि तिची हकीकत ऐकण्याजोगी आहे. इजिप्तचे वास्तुकार हसन फाती (१९००–१९८९) दुसऱ्या महायुद्धाच्या काळात मातीच्या विटांची घरे बांधू पाहत होते. लाकूड आणि पोलाद मिळेनासे झाले होते, म्हणून त्यांनी साच्यावाचून विटांची कमानदार छते उभारण्याचा प्रयत्न केला, ती कोसळली. अस्वानला काम करणाऱ्या त्यांच्या भावाने सांगितले, की तिकडचे न्यूबियन गवंडी असली छते सहज घालतात. १९४१च्या सुमारास फाती तेथे गेले आणि जी विद्या त्यांना कोणत्याही शाळेत मिळाली नव्हती ती गवंड्यांच्या हातांत त्यांना दिसली.

पद्धत अशी. दोन बाजूंच्या भिंती, आणि एका टोकाला त्यांच्याहून उंच अशी आडवी भिंत. त्या भिंतीवर गवंडी मातीने नुसत्या नजरेने कमानीचा आकार काढतो. मग भुशाचे प्रमाण वाढवून हलक्या केलेल्या विटांचे पहिले कडे त्या भिंतीवर रेलून लावतो, उभे न ठेवता तिरपे. विटेवर बोटांनी खाचा ओढलेल्या असतात, त्यामुळे ती ओल्या मातीला चिकटून राहते. दुसरे कडे पहिल्यावर रेलते, तिसरे दुसऱ्यावर. फातींनी या गवंड्यांना घेऊन लक्झरजवळ नवे गुर्ना हे गाव बांधायला घेतले (१९४५–४८). ते अपुरे राहिले. जुन्या गुर्नातल्या लोकांना तेथे जायचेच नव्हते. जवळच दुसऱ्या रामसेसच्या मंदिराची कोठारे आहेत. त्यांची मातीच्या विटांची कमानदार छते तीन हजारांहून अधिक वर्षांची, आणि त्यांतली काही आजही उभी आहेत. ती याच तिरप्या रचनेची.

या पद्धतीला कालबूत लागत नाही, हे खरे. पण ती आडवी भिंत लागते. आधार येथे खालून नसून पाठीमागून आहे, आणि तो काढायचा नसतो. तो घराचाच भाग होऊन राहतो. ज्यांच्या घरी कपाटभर पुस्तके असतात, त्यांच्यामागे अशी भिंत असते. ती दिसत नाही, म्हणून ते साच्यावाचून उभे राहिले असे वाटते.

नजरेने काढलेल्या त्या न्यूबियन वक्ररेषेचे शास्त्र इंग्लंडात रॉबर्ट हूकने १६७५ साली मांडले. दोन टोकांना धरलेली साखळी जशी लोंबते, ती रेषा उलटी केली की कमानीचा योग्य आकार मिळतो. आपला शोध कोणी पळवू नये म्हणून त्याने तो लॅटिन अक्षरांच्या कोड्यात बंद करून छापला. उकल जगाला कळली ती त्याच्या मृत्यूनंतर, १७०५ साली. तोवर आणि त्यानंतरही अस्वानकडचे गवंडी ती रेषा मातीने भिंतीवर काढतच होते.

वास्तुकलेचा इतिहासकार जेम्स फर्ग्युसन (पुण्याच्या महाविद्यालयाला ज्यांचे नाव आहे ते गव्हर्नर निराळे) याने १८७६च्या आपल्या ग्रंथात हिंदूंची एक म्हण नोंदवली आहे: कमान कधी झोपत नाही, अशा अर्थाची. तुळई भार घेऊन स्वस्थ पडून राहते. कमान दोन्ही बाजूंना सतत रेटत असते आणि बाजूच्या भिंती तिला सतत परतवीत असतात. आमची कमान घसरली ती विटा झिजून नव्हे. एका बाजूने परतवणे थोडे कमी पडले म्हणून. आधार काढल्यावर कमान स्वतंत्र होते, हे आपले म्हणणे त्यामुळे अर्धेच खरे ठरते. साचा जातो; पण शेजार लागतोच, आणि तो कायमचा लागतो.

काकांना त्यांच्या मुलाविषयी विचारले. तो शहरात सेंट्रिंगचे काम करतो, असे ते म्हणाले. स्लॅबच्या फळ्या ठोकणे आणि ठरलेल्या दिवशी काढणे. कमान त्याने कधी बांधली नाही. कोणी सांगितलीच नाही. शब्द त्याच्याकडे पोचला आहे, काम पोचलेले नाही. साहित्य शिकवणाऱ्यांना ही स्थिती परकी वाटू नये.