सरबतासारखे दिसणारे

नागपूरच्या त्या घरी आईबाबांच्या लग्नाचा तिसावा वाढदिवस होता. संध्याकाळी पंधरा-सोळा माणसे जेवायला येणार होती. बंगळूरहून आलेल्या सत्तावीस वर्षांच्या मुलाने सकाळीच जाहीर केले, "आज बाबांसाठी ऑरेंज ब्लॉसम करणार!"

"ते काय असतं?" आईने कणीक मळता मळता विचारले.

"जिन आणि संत्र्याचा रस. निम्मं निम्मं. बस."

आई काही बोलली नाही. बाबा रविवारी एखादा पेग घेतात. त्यांच्याकडे परमिट आहे. महाराष्ट्रात ते लागते आणि कडक दारूसाठी वय पंचवीस पूर्ण असावे लागते, हे बऱ्याच सुशिक्षितांनाही ठाऊक नसते. या गोष्टीशी आईने कधीच समेट केला होता, पण तो रविवारपुरता. घर भरलेले असताना बाटली बाहेर निघायची ही पहिलीच वेळ.

नाव मात्र प्रसंगाला साजेसे. ऑरेंज ब्लॉसम म्हणजे संत्र्याचा मोहोर. राणी व्हिक्टोरियाने १८४० साली आपल्या लग्नात या फुलांचा मुकुट घातला आणि पुढे पाश्चात्त्य नववधूंमध्ये ती रीतच पडली. पेयाची कहाणी इतकी मंगल नाही. १९२० ते १९३३ या काळात अमेरिकेत दारूबंदी होती. चोरून विकत घेतलेल्या अल्कोहोलमध्ये ज्युनिपरच्या फळांचा अर्क आणि पाणी मिसळून लोक घरीच जिन बनवीत. ती तोंडात धरवत नसे. मग तिची चव लपवायला संत्र्याचा रस! लंडनच्या सॅव्हॉय हॉटेलने १९३० साली काढलेल्या कॉकटेलच्या पुस्तकातही हे पेय आहे: अर्धी जिन, अर्धा रस.

मुलाने दुपारी रस काढायला घेतला. मिक्सरचे भांडे पाहताच आजीने त्याला थांबवले. बिया भरडल्या की संत्र्याचा रस कडू होतो, आणि काढून ठेवला तरी थोड्या वेळाने कडवटपणा येतोच. म्हणून संत्री आडवी चिरून हाताने पिळायची, तीही आयत्या वेळी. मार्चमधली मृग बहाराची संत्री गोडच होती, उलट आंबटपणा कमी पडत होता. त्यावर अर्ध्या लिंबाचा उपाय निघाला. शेकर नव्हता. घट्ट झाकणाचा स्टीलचा डबा चालला. त्यात ४५ मिलीलिटर जिन, तितकाच रस आणि चार-पाच बर्फाचे खडे घालून हात गारठेपर्यंत हलवायचे आणि चहाच्या गाळणीने गाळायचे. एवढीच कृती.

पहिला ग्लास झकास झाला. खुशीत येऊन मुलाने जग काढला, सगळ्यांसाठी एकदमच करून ठेवू म्हणाला. शेजारी बच्चेकंपनीच्या सरबताचा जग होताच. दोन्ही केशरी, दोन्ही गार.

तेवढ्यात काका आले. त्यांनी दोन्ही जगांकडे पाहून डोळे मिचकावले. "वहिनींच्या सरबतातही थोडी घाला रे. कळणारसुद्धा नाही!"

सगळे हसले. असा विनोद कुठल्या घरी होत नाही? पण आईने पदराला हात पुसले. "भाऊजी, कळणार नाही हीच तर भीती आहे. सासूबाई रात्री झोपेची गोळी घेतात. वन्सं मधुमेहाची घेतात. आणि पोरं तर दिसेल तो ग्लास तोंडाला लावतात."

काका ओशाळले. मुलगा मात्र हिशेब करू लागला. बाटलीवर ४२.८ टक्के लिहिलेले होते. निम्मा रस आणि वितळलेला बर्फ धरूनही पेयात सतरा-अठरा टक्के अल्कोहोल उरत होते. नेहमीच्या वाइनपेक्षाही जास्त, आणि जिभेला संत्र्यापलीकडे फारसे काही लागत नव्हते! झोपेच्या गोळीवर दारू पोटात गेली तर गुंगी धोकादायक वाढते. मधुमेहाच्या काही औषधांबरोबर रक्तातली साखर एकदम उतरू शकते.

त्याने जग धुऊन पालथा घातला. बाटली आणि डबा आतल्या खोलीत नेला. ज्याला हवे त्याने तिथे यायचे, त्याच्यासमोर एकच ग्लास बनेल आणि तो काचेचा असेल. सरबत फक्त स्टीलच्या पेल्यांतून. गाडी चालवत आलेल्या मेहुण्याने स्वतःहून पेला उचलला.

बाबा आपला ग्लास घेऊन आजीशेजारी बसले. आजीने तो हातात घेतला, नाकाशी नेला, पुन्हा एकदा वास घेतला.

"अरे, याला तर नुसता संत्र्याचाच वास येतोय," ती म्हणाली आणि ग्लास परत देऊन तिने सुनेकडे पेला मागितला.