सूर्याची थाळी

माघ शुद्ध सप्तमीला महाराष्ट्रात घरोघरी सूर्याचा रथ रेखाटण्याची चाल आहे. पाटावर अथवा अंगणात सात घोड्यांचा रथ काढावा, त्यात सूर्यनारायणाची स्थापना करावी आणि बोळक्यात दूध ऊतू जाईपर्यंत तापवावे, ही रीत समुद्रापार आलेल्या कुटुंबांनीही आपापल्या परीने सांभाळली आहे. या चित्रात सूर्य रथात विराजमान असतो आणि घोडे त्याला ओढीत असतात. गेल्या काही वर्षांत या नात्याला उलटे रूप आले आहे. आता माणूस गाडीत बसतो आणि सूर्य ती गाडी ओढतो. छपरावरील सौर पॅनेल उन्हाची वीज करतात, ती घरच्या बॅटरीत साठते आणि तेथून दारातील मालवाहू गाडीच्या पोटात उतरते. सार्वजनिक तारेचे उपकार न घेता आपल्याच छपरावरच्या उन्हावर आपली गाडी हाकावी, ही कल्पना कोणाही स्वाभिमानी गृहस्थाला भुरळ घालील अशीच आहे. परंतु जी गोष्ट भुरळ घालते तिचा हिशेब आधी मांडावा, ही वाडवडिलांची शिकवण येथेही विसरून चालणार नाही.

विजेवर चालणारे वाहन सिंगापूरला नवे नाही. १९०५ साली येथे विजेची ट्राम सुरू झाली व ती १९२७ पर्यंत धावली. १९२६ पासून तिची जागा घेऊ लागलेल्या ट्रॉलीबसगाड्या १९६२ पर्यंत रस्त्यावर होत्या. या गाड्या डोक्यावरच्या तारेला बांधलेल्या असत. तार संपली की त्यांची धाव संपली. आजची गाडी आपली शिदोरी बरोबर घेऊन निघते. २०२४ साली या देशात नोंदलेल्या नव्या मोटारींपैकी सुमारे एक तृतीयांश विजेच्या होत्या. २०३० पर्यंत गाड्या चार्ज करण्याच्या साठ हजार जागा उभारण्याचे आणि २०४० पर्यंत सर्व वाहने स्वच्छ ऊर्जेवर आणण्याचे सरकारचे उद्दिष्ट आहे. तथापि ही शिदोरी कोणाच्या चुलीवर शिजते, हा प्रश्न उरतोच. देशातील सुमारे पंचाण्णव टक्के वीज नैसर्गिक वायूपासून निर्माण होते. तीन चतुर्थांशांहून अधिक रहिवासी गृहनिर्माण मंडळाच्या उंच इमारतींत राहतात आणि तेथे कोणाही एकाच्या मालकीचे छप्पर नसते. २०१४ पासून ‘सोलरनोव्हा’ योजनेखाली या इमारतींच्या गच्च्यांवर पॅनेल बसू लागले. त्यांची वीज उद्वाहने आणि जिन्यांतले दिवे यांना मिळते, व उरलेली सार्वजनिक जाळ्यात जाते. २०२१ साली तेंगे जलाशयावर पंचेचाळीस हेक्टर पाण्यावर तरंगणारे साठ मेगावॉटचे सौरक्षेत्र सुरू झाले. हे सारे प्रयत्न स्तुत्य आहेत; पण ते सार्वजनिक आहेत. एका घराचे ऊन एका गाडीत कसे भरते, हे पाहावयाचे तर तारांचे जाळे जेथे संपते तेथे जावे लागते.

असे ठिकाण सिंगापुरातच आहे. चांगी पॉइंटच्या धक्क्यावरून बारा उतारूंची लाकडी मोटरबोट निघते आणि थोड्याच मिनिटांत पुलाउ उबिन बेटाला लागते. एके काळी या बेटाची ओळख होती ती त्याच्या ग्रॅनाइटची. १८५१ साली पूर्ण झालेले हॉर्सबर्ग दीपगृह याच दगडाचे आहे. पुढे खाणी एकेक करून बंद पडल्या, तरुण माणसे कामधंद्यासाठी मुख्य बेटावर गेली, आणि एके काळी गजबजलेल्या वस्तीत आता मोजकीच घरे नांदती राहिली आहेत. मुख्य बेटाचे वीजजाळे उबिनपर्यंत पोहोचलेले नाही. घरे आणि दुकाने वर्षानुवर्षे आपापल्या डिझेल जनित्रावर चालली. डिझेल बोटीतून आणावयाचे, जनित्राचा आवाज आणि धूर सोसावयाचा, आणि दोन दिवे व एक पंखा यांसाठीही मोठ्या यंत्राला पोसावयाचे, असा तो संसार. थोड्या भारावर चालणारे जनित्र प्रत्येक युनिटमागे अधिक तेल पिते, हे जाणकारांना सांगावयास नको. अशा ठिकाणी सायकली, भाजी, पाण्याचे डबे आणि क्वचित एखादा आजारी माणूस वाहून नेणारी छोटी विजेची गाडी उन्हावर चालावयाची, तर तिचे गणित कसे बसेल?

समजा, एका घराच्या छपरावर चार किलोवॉटचे पॅनेल आहेत. सिंगापूर विषुववृत्तापासून जेमतेम सव्वा अंशावर असल्याने येथे दिवस बाराही महिने जवळजवळ बारा तासांचा असतो. मात्र दुपारचे ढग आणि गडगडाटी पाऊस हेही नित्याचेच. वर्षाची सरासरी धरली तर एक किलोवॉट पॅनेलमागे दिवसाला तीन ते सव्वातीन युनिट मिळतात. म्हणजे चार किलोवॉटला बारा-तेरा. दिवे, पंखे, शीतकपाट आणि पाण्याचा पंप यांना पाच-सहा युनिट पुरावेत. उरले सहा-सात. बेटाचे क्षेत्रफळ सुमारे दहा चौरस किलोमीटर. दिवसभरात वीस-पंचवीस किलोमीटरहून अधिक फिरण्याचे कारण नाही. सात-आठ युनिटची बॅटरी असलेली लहान तीनचाकी मालगाडी ओझ्यासह एका युनिटमध्ये दहा किलोमीटर जाते असे धरले, तर तिला रोज अडीच-तीन युनिट पुरे. कागदावर जमाखर्च जुळतो, वर शिल्लकही राहते. गृहस्थ संतुष्ट होतो, आणि नेमका येथेच फसतो. कारण सरासरी ही कागदावर जगते आणि माणूस एकेका दिवसावर जगतो. आभाळ भरून आलेल्या दिवशी याच तेरा युनिटांचे तीन-चार होतात, आणि घराची भूक काही त्या दिवशी कमी होत नाही.

महाभारताच्या वनपर्वातील सूर्याच्या थाळीची कथा या संदर्भात विचार करण्याजोगी आहे. पांडव वनात निघाले तेव्हा मागोमाग आलेल्या ब्राह्मणांना जेवू कसे घालावे, या विवंचनेत युधिष्ठिर पडला. धौम्य ऋषींच्या उपदेशावरून त्याने सूर्याची उपासना केली आणि सूर्याने त्याला तांब्याचे पात्र दिले. त्या पात्राला लोक अक्षय म्हणतात. पण त्याची एक अट होती. सर्वांना वाढून झाल्यावर द्रौपदी जेवली, की त्या दिवसापुरते पात्र रिकामे होई. दुसऱ्या दिवसापर्यंत त्यातून काही निघत नसे. अक्षय आणि अमर्याद यांतील भेद इतक्या नेमकेपणाने दुसऱ्या कोणत्या कथेने क्वचितच सांगितला असेल. सूर्याचे देणे कधी संपत नाही हे खरे. पण ते रोजचे रोज आणि मापून मिळते. ज्याचे घर तारेला जोडलेले असते त्याला या मापाची जाणीव नसते. त्याने बटन दाबावे आणि दूरवरच्या कोण्या केंद्रात थोडा अधिक वायू जळावा, एवढेच. तारेवाचून राहणाऱ्याला मात्र द्रौपदीप्रमाणे शेवटी जेवावे लागते.

विजेची गाडी म्हणजे या संसारातील दुर्वास होय. दुर्योधनाने दुर्वासांना दहा हजार शिष्यांसह पाठविले, तेही द्रौपदीचे जेवण झाल्यानंतरच्या वेळी. गाडीचेही तसेच आहे. दिवसभर काम करून ती सूर्यास्तानंतर दारात येते आणि साऱ्या घराने दिवसभरात घेतले नसेल इतके एका दमात मागते. मोठ्या व्हॅनची बॅटरी चाळीस युनिटांची आणि तिचा चार्जर सात किलोवॉटचा. चार किलोवॉटच्या घरगुती इन्व्हर्टरने तो भार उचलणे शक्यच नसते. तो बंद पडतो आणि घरही काळोखात जाते. शिवाय रात्री भरलेली वीज आधी घरच्या बॅटरीत जाते, मग इन्व्हर्टरमधून चार्जरमध्ये व तेथून गाडीच्या बॅटरीत. प्रत्येक टप्प्यावर दस्तुरी कापली जाते, आणि साठविलेल्या दहा युनिटांतील आठच्या आसपासच गाडीच्या वाट्याला येतात.

यावरील उपाय साधा आहे. पाहुण्याला पंगतीच्या वेळी बोलवावे. स्वच्छ दिवशी घरची बॅटरी दुपारपर्यंत भरते. त्यानंतर छपरावर पडणारे ऊन घ्यावयास कोणी नसते. नियंत्रक पॅनेलची वीज रोखून धरतो आणि ते ऊन वाया जाते. गाडी त्या वेळी दारात उभी असली आणि एक-दीड किलोवॉटच्या सावकाश चार्जरने भरली, तर घराच्या ताटातील घास न काढता तिचे पोट भरते. सकाळी धक्क्यावरचा माल आणावा, दुपारी गाडीला विश्रांती द्यावी, संध्याकाळी पुन्हा निघावे. बैलाला वैरण घालणाऱ्या शेतकऱ्याला हे वेळापत्रक कोणी शिकविले नव्हते. गाडीही कामापुरती लहान असावी. अंथरूण पाहून पाय पसरावे, ही म्हण येथे शब्दशः लागू पडते.

उबिनने आणखी एक धडा दिला आहे. २०१३ साली सिंगापूरच्या ऊर्जा बाजार प्राधिकरणाने तेथे धक्क्याजवळच्या वस्तीसाठी एक छोटे सामाईक वीजजाळे प्रयोग म्हणून सुरू केले. सौर पॅनेल, बॅटरी आणि जोडीला जैवडिझेलवर चालणारी जनित्रे, अशी त्याची रचना होती. प्रत्येकाने आपले स्वतंत्र जनित्र पोसण्यापेक्षा हे स्वस्त पडते, हा त्यातील विचार. त्याचे कारण विजेच्या शास्त्राइतकेच संसाराच्या शास्त्रातही आहे. सर्वांची गरज एकाच क्षणी लागत नाही. एकाची दुपारची शिल्लक ती दुसऱ्याची दुपारची निकड असते. दक्षिणेकडील सेमाकाउ बेटावर नानयांग तंत्रविद्या विद्यापीठाने ‘रीड्स’ या नावाने असेच प्रयोग हाती घेतले, ते आग्नेय आशियातील दूरच्या बेटांना आणि खेड्यांना उपयोगी पडावेत म्हणून. स्वावलंबन म्हणजे शेजाऱ्याशी संबंध तोडणे, असा अर्थ कोणी करीत असेल तर ही बेटे तो खोडून काढतात.

या साऱ्या विचाराला सिंगापुरातील मराठी घरांच्या दृष्टीने एक निकडीची बाजू आहे. यांतील कित्येक घरांचे दुसरे टोक कोकणात अथवा देशावर असते. तेथे वृद्ध आईवडील एकटे राहतात. मुलगा परदेशातून पैसे पाठवितो, छपरावर पॅनेल बसवितो, आणि आंब्याच्या पेट्या वाहण्यासाठी व अडीअडचणीला तालुक्याच्या गावी जाण्यासाठी विजेची गाडी घेऊन देतो. त्याचा हेतू प्रेमाचा असतो. परंतु हिशेब तो सिंगापूरच्या उन्हाचा करतो. सिंगापूरचे ऊन पगारदारासारखे आहे, महिन्याकाठी थोडेफार सारखेच येते. कोकणचे ऊन शेतकऱ्याच्या उत्पन्नासारखे हंगामी आहे. वैशाखात ते ओसंडून वाहते. आषाढ-श्रावणात निम्म्यावर येते आणि झड लागली की त्याहूनही खाली उतरते. आणि नेमक्या त्याच दिवसांत तारा तुटतात, रस्ते अडतात, माणसे आजारी पडतात. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आले, तेव्हा रायगड आणि रत्नागिरी जिल्ह्यांतील कित्येक गावे आठवडेच्या आठवडे विजेवाचून राहिली. अशा रात्री दारातील गाडीची बॅटरी रिकामी असेल, तर हजारो मैलांवरच्या मुलाच्या पैशाने ती भरणार नाही.

म्हणून गाडी देणाऱ्याने गाडीबरोबर एक शिस्तही द्यावी. पॅनेलचा आकार वैशाखावरून न ठरविता श्रावणावरून ठरवावा. गाडी लहान घ्यावी आणि दुपारी भरावी. गावात वीज येत असेल तर ती तोडू नये. ऊन नसेल त्या दिवशी ती कामी येते. काही नव्या गाड्यांतून घराला उलट वीज देण्याची सोय असते. तिचा उपयोग जपून करावा. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, पावसाळ्यात गाडीच्या बॅटरीतील एक हिस्सा कधीही खर्चू नये. तालुक्याच्या दवाखान्यापर्यंत जाऊन परत येण्याइतका तो असावा, आणि पंखा बंद ठेवावा लागला तरी त्याला हात लावू नये.

दुर्वासांच्या त्या प्रसंगी द्रौपदीने श्रीकृष्णाचा धावा केला. त्याने थाळी मागितली आणि तिच्या काठाला चिकटून राहिलेले भाजीचे पान मुखात घातले; तिकडे नदीवर दुर्वास आणि त्यांचे शिष्य तृप्त झाले. भाविक या कथेत भगवंताची लीला पाहतात, आणि ते योग्यच आहे. गृहस्थाने तिच्यात आणखी एवढे पाहावे की, त्या दिवशी थाळीत काहीतरी शिल्लक होते. गावाकडच्या वृद्ध पित्याने रात्री निजण्यापूर्वी गाडीजवळ जाऊन तिच्यात किती वीज उरली आहे ते पाहावे, आणि परदेशातील मुलाने दूरध्वनीवर प्रकृतीच्या चौकशीबरोबर तोही आकडा विचारावा.