काकींचा वाटा

मैत्रिणींनो, लोणच्याच्या बरणीला तेलाचे ओघळ येऊ नयेत म्हणून आपण किती जपतो! पण होडीच्या इंजिनाचं तेल? ते पुरुषांचं काम, म्हणून लग्नानंतर बारा वर्षं मी तिकडे डोकावलेही नव्हते.

आमची लहानशी होडी रत्नागिरीजवळ भाट्याच्या खाडीत असते. मी सकाळी शाळेत अर्धवेळ मराठी शिकवते, मग घर, होडी ह्यांची. जानेवारीत ह्यांनी इंजिनाचा ऑइल फिल्टर बदलला. फिल्टर आडवा बसवलेला. जरा सैल केला मात्र, आतलं कपभर काळं तेल होडीच्या तळाशी साचलेल्या पाण्यात उतरलं. ह्यांनी पंप लावून ते पाणी बाहेर काढलं. खाडीवर रंगीत तवंग पसरला. मी काही म्हणायच्या आत हे म्हणाले, "सगळे असंच करतात."

चार दिवसांनी शेजारच्या काकींनी काढलेल्या तिसऱ्या एका गिऱ्हाइकाने परत केल्या. म्हणे, रॉकेलसारखा वास येतो! आता तो आमच्याच तेलाचा, हे कोण सांगणार? खाडीत होड्या पुष्कळ. पण तिसरी पाणी गाळूनच पोट भरते. पाण्यात जे असेल ते तिच्यात जायचंच. काकी आम्हाला एका शब्दानं बोलल्या नाहीत. फक्त मोठ्या ओहोटीनंतर आमच्याकडे हमखास येणारा तिसऱ्यांचा वाटा बंद झाला. ते न बोलणं मला फार लागलं.

मेअखेरीस, १ जूनपासूनची मासेमारीबंदी लागण्याआधी, तेल पुन्हा बदलायचं होतं. वापरलेलं तेल पावसाळाभर इंजिनात राहिलं तर आतल्या भागांना खातं. मी म्हटलं, "अहो, या वेळी मीही येते."

"तू? साडीचं वाटोळं होईल!"

"जुनी नेसेन."

काय केलं, ऐका. आधी पंपाचं बटण बंद ठेवून तळ कोरडा पुसून घेतला. इंजिन दहा मिनिटं चालवलं. गरम तेल पातळ होतं आणि चटकन निघतं. मग इंजिन बंद करून, हात भाजणार नाही इतपत निवू दिलं. तेल मोजायच्या पट्टीच्या नळीतून हातपंपानं जुनं तेल झाकणाच्या डब्यात ओढलं. फिल्टरखाली जुनी परात, तिच्यात चिंध्या.

आता खरी युक्ती! दोन जाड प्लॅस्टिकच्या पिशव्या एकात एक घातल्या. त्यांत पाणी भरून, गळत नाहीत ना पाहून, कोरड्या केल्या. ह्यांनी पट्ट्याच्या पान्यानं फिल्टर अगदी थोडा सैल केला. लगेच मी पिशवी खालून चढवली, तोंड इंजिनाशी घट्ट धरलं आणि बाहेरूनच फिल्टर फिरवला. फिल्टर, तेल, सारं पिशवीत! परातीत मोजून चार थेंब.

जुनी रबरी चकती इंजिनाला चिकटून राहिली नाही ना, हे जरूर पाहा बरं का. दोन चकत्या एकावर एक बसल्या तर तेल गळलंच म्हणून समजा. जागा पुसून, नव्या चकतीला बोटानं नवं तेल लावलं. फिल्टर हातानंच बसवला. चकती टेकल्यावर साधारण पाऊण वेढा; नेमकं किती ते फिल्टरवर छापलेलं असतं. पान्यानं आवळू नये. नवं तेल भरून इंजिन थोडं चालवलं, गळती पाहिली, बंद करून काही वेळानं पट्टीवर पातळी तपासली.

जुना फिल्टर रात्रभर डब्यावर पालथा ठेवून निथळला. ते तेल, फिल्टर आणि चिंध्या, तिन्ही जळकं तेल गोळा करणाऱ्या गॅरेजवाल्याकडे दिलं. मातीत नाही, गटारात नाही.

संध्याकाळी मी काकींकडे गेले. जानेवारीतलं सारं सांगितलं. त्या म्हणाल्या, "मला ठाऊक होतं गो. तुम्ही कधी सांगताय, तेच बघत होते."

पुढच्या ओहोटीला वाटा आला. मी तिसऱ्या धुताना हळूच हुंगल्या, हे मात्र काकींना सांगितलेलं नाही!