शेरवा आजोबांना, तुकडे कोणाला?

नांदेडहून हिंगोलीच्या रस्त्याने निघाले की वीसेक किलोमीटरवर अर्धापूर लागते. गावाची ख्याती केळीची. कालव्याच्या पाण्यावर पोसलेल्या बागा भर उन्हातही डोळ्यांना गारवा देतात. बागांच्या कडेने, बांधांवर मात्र काळ्याभोर शेळ्या चरताना दिसतात. ही बहुधा उस्मानाबादी जात. बाभळीच्या शेंगा, बोरीचा पाला आणि मिळेल ते गवत खाऊन मराठवाड्याच्या कोरड्या माळावरही तग धरणारी.

पाश्चात्त्य देशांत गवतावर वाढलेल्या जनावराच्या मांसाचे मोठे कौतुक आहे. तिकडे त्याचा जाड तुकडा तव्यावर झटपट भाजून, आतून लालसर ठेवून खातात. आपल्या चरणाऱ्या बोकडाला ती रीत मानवत नाही. दिवसभर हिंडणाऱ्या जनावराचे स्नायू घट्ट, चरबी बेताची. त्याला मंद आच आणि वेळच हवा. अशा मांसातील स्निग्धांश थोडा अधिक गुणाचा असतो हे खरे. पण तो मुळातच इतका अल्प की त्याला औषध समजण्याचे कारण नाही.

खरा प्रश्न वेगळाच आहे. या भागातील अनेक घरांत मटण शिजले की वृद्धांपुढे शेरव्याची किंवा आळणीची वाटी येते आणि तुकडे तरुणांच्या ताटांत जातात. दात नाहीत, पचत नाही, आणि ‘ताकद तर रसातच उतरते’, असा समज. प्रत्यक्षात बहुतेक प्रथिने तुकड्यांतच राहतात. रसात उतरतात ते मीठ, चरबी आणि युरिक आम्ल वाढविणारी द्रव्ये. म्हणजे ज्यांना संधिवाताचा ‘गाउट’ हा प्रकार आहे, त्यांना नेमकी अपायकारक गोष्टच प्रेमाने पाजली जाते! उतारवयात स्नायू झपाट्याने झिजतात. प्रकृती ठीक असलेल्या ज्येष्ठांना वजनाच्या दर किलोमागे रोज निदान १ ग्रॅम प्रथिने मिळावीत, असे तज्ज्ञ सुचवितात. हाडाविना ७५ ग्रॅम कच्च्या मटणातून सुमारे १५ ग्रॅम मिळतात. नुसत्या शेरव्यातून अगदीच किरकोळ.

तेव्हा खाटकाकडे कोवळ्या बोकडाची दस्ती, म्हणजे पुढचा खांदा, मागावी. रानेपेक्षा ती लवकर मऊ होते. अर्धा किलोला चमचाभर कच्च्या पपईचा कीस आणि हळद चोळून तासभर ठेवावे. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात ते फ्रिजमध्येच. कांदा, आले-लसूण परतून मटण घालावे, एक शिट्टी होताच आच मंद करून अर्धा तास शिजू द्यावे आणि कुकरची वाफ आपोआप उतरू द्यावी. तुकडा बोटांनी दाबताच सुटला पाहिजे. नसेल तर आणखी दहा मिनिटे. भाजलेले खोबरे, तीळ, दगडफूल थोडे घालावे. तिखट-मीठ मात्र घरातल्या वृद्धाच्या मापाने, बाकीच्यांनी वरून घ्यावे. येसराशिवाय मटण कसले, असे कोणी म्हणेलच. त्यांच्यासाठी वेगळी फोडणी करता येते.

वाढण्यापूर्वी हाडांच्या किरचा हाताने चाचपून काढाव्यात. मग तुकडे बारीक तोडून, ज्वारीच्या भाकरीत कालवून, दाट रश्श्यात भिजवून द्यावेत. भाकरी घशाशी अडते त्यांना मऊ भात बरा. दातच नसतील तर खिमा उत्तम, पण तो मधोमध गुलाबी राहता कामा नये. गिळताना ठसका लागत असेल तर आधी डॉक्टरांना दाखवावे. मूत्रपिंडाचा विकार असल्यास प्रथिनांचे माप त्यांनीच ठरवावे.

उरलेले मटण दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये ठेवावे. सकाळी वर गोठलेली चरबी चमच्याने सहज निघते. मग ते खळखळ उकळून पुन्हा वाढता येते. जेवणानंतर अर्धापुरी केळे पुढे येणारच. मूत्रपिंडाच्या रुग्णाला त्यातील पोटॅशियम बाधू शकते, म्हणून तेही विचारूनच.